शिवडीच्या खाडीवर चाकांचं घर

आता कसं सांगू तुम्हाला, मूर्खपणा करायचा तरी किती करावा याला काही माप असतं. कोणी चुकीच्या बसमध्ये चढतो, कोणी दुसऱ्याची छत्री घेऊन घरी येतो. हे सगळं किरकोळ. मी मात्र एका रविवारी सकाळी, पूर्ण शुद्धीवर असताना, आई, अख्खी चाळ, एक हवालदार आणि एक विलायती घर एवढ्यांना एका झटक्यात आडवं केलंय. आडवं म्हणजे खरोखरच आडवं हो, बोलण्याची पद्धत म्हणून नव्हे. घ्या, चहा घ्या, सांगतो.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आम्ही लालबागला राहायचो. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली. तीत आई, मी, धाकटा भाऊ, गावाहून मिलमध्ये लागायला आलेले दोन चुलत भाऊ आणि माझी नवीकोरी बायको कुमुद. नवीकोरी म्हणजे लग्नाला दीड वर्ष झालं होतं, पण त्या दीड वर्षात आम्ही दोघं मिळून सलग दहा मिनिटं एकटे बसलो असू तर शप्पथ. रात्री पुरुषांनी गॅलरीत पथाऱ्या टाकायच्या, बायकांनी आत. आणि दिवसा दार लावायचं नाही, ही आमच्या चाळीची रीत. दिवसाढवळ्या कोणाचं दार बंद दिसलं की पाच मिनिटांत अर्धा मजला दाराशी. काय झालं, कोण आजारी आहे, गावाहून तार आली काय? दार उघडेपर्यंत दोन म्हाताऱ्यांनी डोळ्याला पदरही लावलेला असायचा.

कुमुद दादरची. वडील शाळामास्तर, दोन खोल्यांचा ब्लॉक, आणि मधे चक्क लावता येणारं दार. पण तिने कुरकुर म्हणून कधी केली नाही. नळावरची रांग, गॅलरीतली गर्दी, सगळं निमूट सोसलं. तिचं दुखणं एकच होतं, ते म्हणजे मी.

माझ्या पोटात काही राहत नाही, बरं का. आता तुम्हाला एवढं ठाऊक आहेच. एकदा जिन्यात अंधारात तिने मला हळूच सांगितलं, की सासूबाई बांगड्याचं तिकलं फार छान करतात, पण मला बांगडा जरा जड जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर शेजारच्या पार्वतीकाकू तिला म्हणाल्या, "काय गो, तुका बांगडो आवडणा नाय?" कुमुद लालबुंद झाली. मी मुद्दाम सांगितलं नव्हतं हो! पण सकाळी सकाळी पंधरा माणसं एकत्र दात घासत उभी असताना माणूस बोलणार नाही तर करणार काय?

तर असं चाललं होतं, आणि त्यात ते घर आलं.

नाक्यामागे रुस्तमशेठचं गॅरेज होतं. माझा बालमित्र गजा तिथे फिटर. एक गोरा साहेब कायमचा मायदेशी निघाला, तेव्हा त्याने आपलं चाकांचं घर शेठला विकलं. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचं घर. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बघतच राहिलो. सायीच्या रंगाचं, गोल कोपऱ्यांचं, खाली मधोमध दोन चाकं. खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. आत मागच्या बाजूला ऐसपैस पलंग, मधे भिंतीला मिटवून ठेवायचं टेबल, पुढे स्टोव्ह आणि हाताने पंप मारला की पाणी येणारं बेसिन. चाळीतले लोक त्याला डबा म्हणायला लागले, पण मला त्यात एकच गोष्ट दिसली. दार. आतून कडी लागणारं दार.

शेठचा बेत होता की हौशी लोकांना ते भाड्याने द्यायचं, खंडाळ्याला न्या, महाबळेश्वरला न्या. पण त्याआधी कोणीतरी दोन दिवस त्यात राहून बघायला हवं होतं. छप्पर गळतं का, पंप चालतो का, पलंग करकरतो का. शेठच्या बायकोने "मला घर आहे" असं सांगून साफ नकार दिला होता. मग गजाने माझं नाव पुढे केलं. अट एकच, शिवडीच्या पुढे जायचं नाही. काही मोडलं तर गॅरेजची माणसं पटकन पोचली पाहिजेत. म्हणजे बघा, लोक मधुचंद्राला काश्मीरला जातात आणि आम्ही घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, जिथून आमच्या मिलचा भोंगाही ऐकू येतो तिथे. मला त्याचं काही नव्हतं. मी धावत येऊन कुमुदला जिन्यात गाठलं.

तिने आधी विश्वासच ठेवला नाही. मग हळू आवाजात विचारलं, "दोघंच ना?"

"दोघंच."

"दार लागतं?"

"कडी आहे आतून."

ती जिन्याच्या कठड्याला टेकली. "मग ऐका. दीड वर्ष झालं, मला तुमच्याशी एकदा भांडायचंय. नीट, मोठ्या आवाजात, सगळं सांगून. इथे मी तोंड उघडलं की तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातं. तिथे भांडेन. आणि तिथे बोललेलं तिथेच राहिलं पाहिजे."

मी हसलो. नवरे लोक अशा वेळी जे समजतात तेच मी समजलो, की ही लाडाने म्हणतेय. तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती.

साहजिकच संध्याकाळपर्यंत चाळीला सगळं कळलं, म्हणजे मीच सांगितलं. आणि मग मला एक विचित्र गोष्ट जाणवली. कोणीही आम्हीपण येतो असं म्हणेना! आमच्या चाळीतून एक जण राणीच्या बागेत निघाला तर सतरा जण सोबत निघतात. आणि इथे विलायती घर, खाडीचा वारा, तरी सगळे गप्प. पार्वतीकाकू मला बघून आत वळल्या. सावळाराममामा म्हणजे आमच्या चाळीचे पुढारी, मिलमध्ये जॉबर म्हणजे मुकादम, एकही सभा न चुकवणारे. तेही नुसते हं म्हणाले. आईने घावण्यांचं फडकं बांधून हातात दिलं आणि रविवारी रात्री भेटू म्हणाली. मला वाटलं, चाळ माझ्यावर रुसली. याचं एकट्याचं सुख बघवत नाही यांना. मन खट्टू झालं हो.

शनिवारी हाफ डे करून मी आलो आणि गजाने जीपला घर जोडलं. आम्ही दोघं आत बसलो. काळाचौकीला लोकांना वाटलं प्रचाराची गाडी आली. त्यांनी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची घोषणा दिली, मीही खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून "झालाच पाहिजे" म्हणून मूठ हलवली. कुमुदने शांतपणे पडदा ओढून घेतला.

शिवडीच्या किल्ल्याखाली, खाडीच्या अंगाला मोकळी जागा होती. दोन-चार बाभळी, थोडं गवत. गजाने जीप सोडवली, पुढे एक लोखंडी पाय टेकवला आणि दोन जाडजूड सागवानी ठोकळे माझ्या हातात दिले. म्हणाला, "वशा, हे मागच्या दोन कोपऱ्यांखाली सारून ठेव रे. न विसरता." आणि रविवारी संध्याकाळी येतो म्हणून निघून गेला.

मी ठोकळे हातात घेऊन घराभोवती एक फेरी मारली. घर कसं छान उभं होतं. उगाच त्याच्याखाली लाकडं कशाला? शिवाय आमची खरी अडचण वेगळी होती. साहेबाच्या घरात सगळं होतं, पाट मात्र नव्हते. आणि ते ठोकळे म्हणजे पाटाला अगदी शोभेसे. मी ते बाहेर गवतावर समोरासमोर मांडले, खिडकीपासून बाभळीपर्यंत दोरी बांधली, तिच्यावर माझा ओला लेंगा वाळत घातला आणि लांब जाऊन बघितलं. आता कुठे ते घर दिसायला लागलं.

कुमुद आत होती. तिने दाराची कडी लावली. मग काढली. मग परत लावली. असं तीन वेळा केलं. मी विचारलं, बिघडलीय का? तर म्हणाली, नाही, सहज. घावणे खाताना मी तिला म्हटलं, भांडायचं होतं ना, हो सुरू. ती म्हणाली, "उद्या. आज मला जरा गप्प बसू द्या." आणि खिडकीपाशी जाऊन बसली ती बसलीच.

रात्रीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ती गाढ झोपली. माझा डोळ्याला डोळा लागला नाही. अहो, केवढी शांतता ती! कोणी खोकत नाही, कोणाचं पोर रडत नाही, तिसऱ्या पाळीवाले जिना वाजवत येत नाहीत, सावळाराममामांचं घोरणं नाही. जन्मापासून मी त्या आवाजात झोपलो होतो. एवढ्या शांततेत मला माझं स्वतःचं पोट बोलताना ऐकू आलं आणि मी दचकून उठून बसलो. पहाटेपर्यंत तसाच.

सकाळी बघतो तर कुमुद खिडकीशी. डोळे ओलसर. ओठ हलताहेत. आणि बोटांवर काहीतरी मोजतेय.

आता तुम्हीच सांगा, कोणाही भल्या माणसाला काय वाटेल? मला वाटलं, हिला करमत नाही. एकेका माणसाची आठवण काढतेय आणि बोटांवर मोजतेय बिचारी. शेवटी दीड वर्षात चाळीचा लळा लागलाच की! माझं काळीज असं हललं म्हणता. तिकडे चाळ रुसलेली, इकडे ही झुरतेय, आणि मला झोप नाही. तिन्ही गोष्टींवर इलाज एकच होता. मी तिला दूध आणतो म्हणून सांगितलं आणि थेट लालबागचा रस्ता धरला.

रविवार असल्यामुळे सगळे घरीच होते. मी चौकात उभा राहून मोठ्याने सांगितलं, की कुमुदला तिथे करमत नाही, डोळे भरून येताहेत, तेव्हा सगळ्यांनी चला. वर तिन्ही गॅलऱ्यांत माणसं आली, पण उत्तर कोणी देईना. आई कठड्यावरून वाकली. "तिना सांगल्यान तसा?"

मी म्हटलं, सांगायला कशाला पाहिजे? नवरा आहे मी तिचा, मला समजत नाही?

आईने पार्वतीकाकूंकडे बघितलं, पार्वतीकाकूंनी आईकडे. दोघींनी एकदम निःश्वास टाकला. पण सावळाराममामांनी तोवर टोपी घातली होती, आणि मामांनी टोपी घातली की चाळ निघते.

बावीस माणसं निघाली. सोबत भाकऱ्यांची चळत, सोलकढीचा टोप, सतरंज्या, पत्ते आणि भजनाचे टाळ. अडचण एकच होती, शहरात जमावबंदी होती. पाचांपेक्षा जास्त माणसांनी एकत्र दिसायचं नाही, आणि त्या दिवसांत ती थट्टेवारी न्यायची गोष्ट नव्हती. पण मामा अनुभवी. त्यांनी चारचारांच्या तुकड्या पाडल्या, प्रत्येक तुकडीत पन्नास पावलं अंतर ठेवलं आणि कोणी कोणाला ओळख दाखवायची नाही असं बजावलं. अशी आमची सहल शिवडीकडे निघाली. माझ्या तुकडीत आई होती. ती वाटभर तोंड फिरवून चालली.

मी दार वाजवलं. आतून कडी निघाली. कुमुदने केस घट्ट बांधले होते, पदर कमरेला खोचला होता, आणि चेहऱ्यावर असं तेज की मी एक पाऊल मागे सरलो. "आलात? बसा," ती म्हणाली. "आता मी बोलणार आहे आणि तुम्ही मधे..."

आणि तिला माझ्यामागे आई दिसली. मग पार्वतीकाकू. मग बाभळीपलीकडून चारचार करून येणारी, एकमेकांना ओळख न दाखवणारी अख्खी चाळ. कुमुदचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तो मला अजून आठवतो आणि अजून वाईट वाटतं.

आई घाईघाईने म्हणाली, "माका नको इचारू गो. तू रडतंस म्हणान ह्येनाच सांगल्यान."

तेव्हा पार्वतीकाकूंनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. आमची सहल ठरली त्याच दिवशी कुमुद प्रत्येक खोलीत जाऊन आली होती. हात जोडून म्हणाली होती, दोन दिवस आम्हाला एकटं सोडा, मला यांच्याशी बोलायचंय. आणि चाळीने शब्द दिला होता! आईने तर गणपतीसमोर दिला होता. म्हणून सगळे गप्प होते. चाळीतली प्रत्येक बातमी एरवी माझ्यामार्फत फिरते. ही एकच बातमी सगळ्यांनी मिळून माझ्यापासून लपवली होती, कारण मला कळलं असतं तर मी ती परत सगळ्यांना सांगितली असती.

मंडळी शरमली. सतरंज्या न उलगडताच परत उचलल्या. आणि नेमका तेव्हाच बंदराच्या बाजूने सायकल हातात धरून एक हवालदार आला. त्याने एकेका डोक्यावर बोट ठेवत मोजायला सुरुवात केली. वीसच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं.

"जमावबंदी हाय. ठावं हाय न्हवं?"

आम्ही निघालोच आहोत, असं मी म्हणत होतो. पण तो म्हणाला की त्याच्या वरच्या पोलीस साहेबाची गाडी याच रस्त्याने येतेय, एवढी माणसं रस्त्यावर दिसली तर मोर्चा समजून सगळ्यांना आत घालतील, आणि वर त्यालाच विचारतील की तू काय करत होतास. माणूस भला होता. घाम पुसत होता बिचारा.

तिथे सावळाराममामा पुढे झाले. "हवालदारसाहेब, घराच्या आत किती माणसं बसावीत, त्याला जमावबंदी लागते का?"

हवालदार विचारात पडला. "घरात? घरात न्हाई लागत."

"मग हे घर आहे."

"ह्याला चाकं हायेत की."

"चाकांचं सोडा. आत चूल आहे, पलंग आहे. पाट मांडलेत. तो बघा लेंगा वाळत घातलाय. घर नाही तर काय आहे?"

लेंग्याने हवालदाराची खात्री पटली. "मंग व्हा आत, बिगी बिगी."

आणि इथे, मंडळी, मी माझ्या आयुष्यातला सगळा उत्साह पणाला लावला. वाटलं, निदान एवढं तरी आपल्या हातून नीट व्हावं. दार पुढच्या बाजूला होतं. मी दारात उभा राहून एकेकाला आत घेऊ लागलो. मागे चला, मागे भरपूर जागा आहे, पलंगावर बसा काकू, अजून मागे सरका. बेस्टच्या कंडक्टरलाही जमणार नाही इतक्या शिस्तीत मी वीस माणसं मागच्या भिंतीपर्यंत नीट लावली. कुमुद एकटी पुढे बेसिनपाशी हाताची घडी घालून उभी होती. ती काहीतरी सांगायला लागली, बहुतेक ठोकळ्यांबद्दलच, पण मी तिला म्हटलं, थांब गं जरा.

सगळ्यात शेवटी सावळाराममामा. मामांच्या वजनाबद्दल चाळीत कोणी उघडपणे बोलत नसे. साहेबाची गाडी दिसते का ते बघायला मामा सगळ्यांच्या अंगावरून वाट काढत थेट मागच्या खिडकीशी गेले.

आणि घर वर जायला लागलं.

भरल्या हातगाडीचा दांडा पुढच्या हमालाने सोडला की ती जशी मागे बसते, अगदी तसं. पुढची बाजू आकाशात, मागची जमिनीवर. पलंगावर पार्वतीकाकू, त्यांच्यावर आई, तिच्यावर भाऊ, त्याच्यावर आणखी कोण कोण, आणि सगळ्यात वर, सावकाश घसरत येऊन बसलेला मी. सोलकढीचा टोप माझ्यामागून आला. बाहेर हवालदाराने मागच्या भिंतीला सायकल टेकवली होती. घर खाली येताना बघून त्याने जी उडी मारली, ती थेट गवतावर उताणी.

वरती, माडीवर उभी असल्यासारखी, बेसिनचा काठ धरून कुमुद. तिने खाली बघितलं. आम्ही सगळ्यांनी वर बघितलं.

तेवढ्यात साहेबाची गाडी आली. रस्त्यावर जराशी हळू झाली. आतल्यांनी बघितलं असणार, एक सायीच्या रंगाचं घर तोंड आभाळाकडे करून बसलंय, बाजूला लेंगा वाळतोय आणि एक हवालदार गवतावर पडल्या पडल्या सलाम ठोकतोय. हे कुठल्या कलमात बसतं ते त्यांनाही सुचलं नसावं. गाडी निघून गेली.

मग हवालदाराने खिडकीतून एकेका बाईला उतरवून घेतलं, अगदी स्वतःच्या आईसारखं सांभाळून. आठ-दहा जण बाहेर पडल्यावर घर पुन्हा धाडकन पुढे आलं आणि सरळ उभं राहिलं. देवाची कृपा, कोणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. सायकलचं मागचं चाक तेवढं वाकलं, ते गजाने नंतर सरळ करून दिलं. मामांनी गवतातले दोन पाट उचलले, उलटसुलट करून बघितले, माझ्याकडे बघितलं आणि स्वतः वाकून ते मागच्या कोपऱ्यांखाली सारले.

चाळ आली तशी चारचार करून परत गेली. आई शेवटच्या तुकडीत होती. जाताना म्हणाली, "वशा, आता गप बस आणि ती काय सांगता ता आयक."

दाराची कडी लागली. आत सोलकढीचा वास, फुटक्या कपांचा सडा. कुमुदने पदर पुन्हा खोचला आणि मला पलंगाच्या कडेला बसायला सांगितलं. मी हात जोडून, मान खाली घालून बसलो. खरं सांगतो, मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मनाशी पक्कं ठरवलं, आता हिचा शब्दन् शब्द ऐकायचा.

"पहिली गोष्ट," कुमुद म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. दीड वर्ष दाबून ठेवलेला आवाज हो तो! खाडीपलीकडे ऐकू गेला असेल. घराच्या पत्र्याला कंप सुटला. भांडी वाजली. आणि मला, मंडळी, काल दुपारपासून पहिल्यांदाच अगदी घरी असल्यासारखं वाटलं. रात्रभराचं जागरण, लालबागपर्यंतची पायपीट, आणि आता कानाशी असा भरघोस, ओळखीचा, भरल्या चाळीसारखा आवाज.

मी झोपलो.

बसल्या बसल्या, हात जोडलेले, मान खाली. जाग आली तेव्हा खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि कुमुद बोलायची थांबली होती. समोर बसली होती. चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ, डोळे भरलेले, आणि इतकी सुंदर दिसत होती की सांगता सोय नाही.

"एकदाही मधे बोलला नाहीत तुम्ही," ती म्हणाली. "मान खाली घालून सगळं ऐकून घेतलंत. मला वाटलं नव्हतं हो."

काय बोलणार? तुम्ही असता तर बोलला असता का खरं?

"मग कबूल?"

"कबूल."

"सातही गोष्टी?"

तेव्हा मला कळलं की गोष्टी सात होत्या. "सातही," मी म्हटलं. तिने डोळे पुसले आणि मला शपथ घातली, की इथे बोललेलं इथेच राहील. मी घेतली. आणि आजतागायत पाळली! महिनोन् महिने चाळ माझ्या मागे होती. पार्वतीकाकूंनी लाडू देऊन विचारलं, मामांनी बिडी देऊन विचारलं, की काय बोलली रे ती? माझ्या तोंडून अक्षर बाहेर पडलं नाही. वशा सुधारला म्हणून चाळीत माझं नाव झालं. आई पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकाने बघायला लागली. रुस्तमशेठने विचारलं, घर कसं आहे? मी सांगितलं, शेठ, झोप फार उत्तम लागते.

पुढे महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, आम्ही दादरला ब्लॉक घेतला. याला तीन दारं आहेत, तिन्ही लागतात. पण अजूनही मधूनच कुमुद आतून विचारते, "अहो, शिवडीला काय कबूल केलं होतंत?" आणि मी हातातलं काम टाकून उठतो. उठतो खरा, पण करायचं काय? पहिली काही वर्षं मी नुसता अंदाजाने काहीबाही करून तिचा चेहरा बघायचो. तशा पाच सापडल्या. रस्त्याने तिच्यापुढे दहा पावलं चालायचं नाही. तिच्या वडिलांना दर महिन्याला पत्र टाकायचं. पानात बांगडा वाढायचा नाही. ओला टॉवेल अंथरुणावर टाकायचा नाही. आईसमोर तिच्या आमटीला नाव ठेवायचं नाही. बाकीच्या दोन काही केल्या सापडत नाहीत. त्यातली एक तर अशी, की चार माणसं चहाला बसलेली असावीत, मी रंगात येऊन घरातलं काहीतरी सांगत असावं, आणि नेमकं तेव्हाच ती विचारते. मी लगेच उठून कपबश्या उचलतो, पंखा वाढवतो, खिडकी उघडतो. काही उपयोग नाही, ती कपाळाला हात लावते.

थांबा. ऐकलंत? विचारलं बघा आत्ताच.

काय असेल हो ती गोष्ट?